चतुःसीमा

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
स्टॅम्पपेपर मोजले.
लोकांची घरं माझ्या अंगठ्याखालून गेली,
घर होण्याच्या आधीची,
गट नंबर नाही, नाव नाही, साक्षीदार नाहीत,
वर नक्षी आणि खाली नुसती पांढरी जागा.
परवा बँकेतलं मशीन म्हणालं, बोट पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवलं.
पुन्हा.
अंगठ्यावर रेघाच उरल्या नाहीत, त्यात मशीनचा काय दोष?

फंडाचे पैसे आले तेव्हा
सानपांनी मोटारसायकलवर मखमलाबादला नेलं.
द्राक्षाचा बाग काढून फक्की मारलेली,
तारा अजून गुंडाळून पडलेल्या.
इथं किचन धरा, म्हणाले.
मी धरलं.
खिडकी कुठं धरायची ते विचारणार, तोवर कळलं
दोन गुंठ्यांत तीन भाऊ, एक बहीण
आणि मालेगावचा एक वकील आधीच उभे आहेत.
परतताना सानप गाडी हळू चालवत होते,
बहुतेक त्यांनाही वाईट वाटलं असावं.

मग तेजल, माझी भाची,
पाथर्डी फाट्याला तिचं ऑफिस आहे,
म्हणाली, मावशी, इमारतींचा फंड असतो.
शेअरसारखा बाजारात मिळतो.
एका इमारतीत अख्खं घुसायचं नाही,
पुष्कळ इमारतींत थोडं थोडं राहायचं.
किल्ली?
नसते गं.
सातबारा?
नाही.
मग शेजारी कोण?
ती हसली. मी नाही हसले.
शेजार बघितल्याशिवाय भाड्यानंसुद्धा
मी कधी खोली घेतली नव्हती.

त्या रात्री कॅलेंडरच्या मागे लिहायला बसले,
खरेदीखतात लिहितात तसं.
येणेप्रमाणे चतुःसीमा:
पूर्वेस, ज्या कंपनीचं नाव जिभेला वळत नाही तिचं कँटीन.
पश्चिमेस हैदराबादचा कुठलातरी रस्ता,
जो मी ओलांडलेला नाही.
दक्षिणेस माझ्यासारखेच, ज्यांनी
एवढ्या एवढ्या युनिटांत संसार मांडलाय,
आणि ज्यांच्याकडं विरजण मागायला जाता येणार नाही.
उत्तरेस काय, ते सुचेना.
कोरंच सोडलं.
कोरं मला ओळखता येतं.

मंगळवारी बाजार पडला.
माझ्या इमारती साडेतीन टक्क्यांनी खाली आल्या
आणि कुठंच धूळ उडाली नाही.
कुणी जिन्यावरून धावत उतरलं नसेल,
कुणाचा चहासुद्धा हिंदकळला नसेल.
मी मात्र जेलरोडच्या खोलीत
भिंतीला हात लावून बघितला.
एकदा रात्री दोनला जाग आली, वाटलं,
सातव्या मजल्यावरचा दिवा कुणी घालवला असेल का?
त्या उजेडातला चिमूटभर तरी माझा.
बिलातलाही.

पहिली रक्कम जमा झाली,
तीनशे बारा रुपये.
तेजल त्याला काहीतरी वेगळं म्हणते,
मी भाडंच म्हणते.
जन्मभर एक तारखेला भाडं दिलं,
आलेलं पहिल्यांदाच बघितलं.
पासबुकात ती ओळ छापून घेतली,
बिटकोला उसाचा रस प्यायले, बर्फ न घालता,
आणि उरलेल्यात पेन्शनचे घालून
ढिकलेबाईंकडं आमच्या खोलीचं भाडं द्यायला गेले.
कुणाकुणाचं भाडं माझ्या भाड्यात मिसळलं होतं:
संगणकापुढं बसलेल्या, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या,
जेलरोड हे नावही न ऐकलेल्या पोरापोरींचं.
त्यांना सांगावंसं वाटलं, बाळांनो, पोचलं.

ढिकलेबाई नोटा मोजू लागल्या.
मी पंख्याकडं बघत होते.
अंगठा आपसूक हलत होता
पदराच्या आत.
एक जास्त आलीये, मी म्हणाले.
त्यांनी पुन्हा मोजल्या. होतीच.
बघितलंही नाही, कळलं कसं?
आवाज, म्हणाले,
आणि हात पुढं केला.